एकोणचाळीस गिफ्टं आणि एक बारकं : सहा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या बारक्याचा पहिला वाढदिवस जानेवारीत झाला. हॉल घेतलेला, दीडशेच्या वर माणूस जेवून गेलं आणि रात्री साडेअकराला घरी येऊन मोजलं तर पाकिटं सोडून एकोणचाळीस गिफ्टं. सासूबाई म्हणाल्या, "आज काय उघडू नका, सकाळी दृष्ट काढू, मग बघा," तोवर नवऱ्यानं चार फोडली पण होती. आता जुलै संपत आलाय, बारकं दीड वर्षाचं झालंय, आणि माळ्यावर जागा करायची म्हणून परवा सगळं खाली काढलं तेव्हा कळलं की त्यातलं रोज हातात असतंय ते जेमतेम पाच नग. बाकीचं मोडलं, नायतर मी लपवून ठेवलं, नायतर अजून पॅकच आहे. म्हणून हा रिव्ह्यू, एका वस्तूचा नाही तर सगळ्या ढिगाचा. कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानाबाहेर गाडी लावून "अगं एक वर्षाच्याला काय न्यायचं" म्हणून बहिणीला फोन करणाऱ्यांसाठी आहे, कारण मी पण तेच करायची.

एक आधीच सांगते, कुणाला लागलं तर लागूदे. निम्मी गिफ्टं पोरासाठी आणलेलीच नसतात, स्टेजशेजारच्या टेबलावर दिसायला आणलेली असतात. जेवढं खोकं मोठं तेवढा मामा मोठा. आमच्यात जावेच्या भावानं बॅटरीवर चालणारी, आत बसायची लाल जीप आणली, हॉलमध्ये सगळी पोरं तिच्याभोवती, फोटो काय, व्हिडिओ काय. खोक्यावर स्पष्ट लिहिलंय तीन वर्षांपुढं. सहा महिने ती जीप आमच्या सोप्यात उभी आहे, पावसाळ्यात तिच्यावर बारक्याचे लंगोट वाळत असतात. देणाऱ्याचं मन मोठं आहे, त्याबद्दल काय बोलायचं नाय, पण आमची खोली बारा बाय दहाची आहे ओ.

आता सगळ्यात भारी काय निघालं ते. पांगुळगाडा. माझ्या आबांनी आणला, म्हणजे आणला नाही, टिंबर मार्केटजवळच्या एका सुताराकडनं करून घेतला, साडेनऊशे रुपये. तीन चाकं, खाली त्रिकोणी चौकट, मागं धरायला आडवी दांडी, बास. रंग नाय, नुसतं लाकूड घासून गुळगुळीत केलेलं. हॉलमध्ये आबा तो पेपरात गुंडाळून घेऊन आले तेव्हा एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता कोण वापरतंय हे." मला पण तेव्हा जरा कसंतरीच झालं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी काढला आणि पहिल्याच फेरीत बारकं हनुवटीवर आपटलं. कारण असं की हे गाडे शेणानं सारवलेल्या जमिनीवर नायतर शहाबादी फरशीवर चालायसाठी असतात आणि आता सगळ्यांच्या घरात गुळगुळीत टाइल्स. लाकडाचं चाक त्याच्यावर सूंऽऽ पळतंय, पोराचे पाय मागंच राहतात. आबांना फोन केला तर ते हसायलाच लागले. संध्याकाळी आले ते सायकलची जुनी ट्यूब घेऊन. कात्रीनं तिच्या दोन-दोन बोटं रुंदीच्या चकत्या कापल्या आणि चाकांवर रबरासारख्या चढवल्या, ताणून, घट्ट. आणि पुढच्या पट्टीवर दोन किलो तांदळाची पिशवी बांधली. झालं काम. गाडा जड झाला, पळायचं थांबला, पोरगं ढकलेल तेवढाच पुढं जाणार. ही ट्यूब आणि तांदूळ लक्षात ठेवा, कुणी पांगुळगाडा दिला आणि पोर पडलं म्हणून माळ्यावर टाकला असेल तर खाली काढा. पिशवी कशीपण बांधू नका मात्र, तिची गाठ खालच्या बाजूनं घ्या, दोरी लोंबकळता कामा नये.

त्यानंतर दोन महिने घरात दुसरा आवाज नाही. सकाळी साडेसहाला उठलं की गाडा. सोप्यातनं स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातनं मोरी, भिंतीला धडकला की तिथंच उभं राहून ओरडायचं, कारण वळवायला येत नव्हतं, कुणीतरी येऊन तोंड फिरवून द्यायचं. मग एक दिवस बघते तर स्वतःच गाड्याची दांडी सोडून, बाजूनं फिरून, पुढनं गाडा ओढून वळवलाय आणि परत मागं येऊन धरलाय. म्हणजे मधली चार पावलं काय न धरता टाकलेली आणि त्याचं त्यालाच माहीत नाही. तेव्हा चौदावा महिना चालू होता. आबांना सांगितलं तर म्हणाले, "मग, साडेनऊशे फिटले का न्हाईत?" पाचपैकी पाच, टाइल्सचा अर्धा मार्क कापायचा असेल तर कापा.

ह्याच्याउलट नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून दिलेला गोल वॉकर. तो प्लॅस्टिकचा, मधी कापडाची झोळी, खाली सहा-आठ चाकं, पुढं गाणी वाजणारा ट्रे. दुकानदार दोन्हीला वॉकरच म्हणतात, म्हणून घोटाळा होतोय. पण पांगुळगाड्यात पोर स्वतःच्या पायावर उभं असतंय, वजन त्याचं त्यानं पेललेलं असतंय. गोल वॉकरमध्ये ते झोळीत लोंबकळतंय आणि अंगठ्यांनी जमीन ढकलतंय. आमच्या डॉक्टर मॅडमनी लसीच्या वेळी बघितल्या बघितल्या सांगितलं होतं, वॉकर असेल तर देऊन टाकू नका, मोडून टाका, म्हणजे दुसऱ्याचं पण पोर वाचेल. चालणं लवकर येतंय हा गैरसमज, उलट उशीर व्हायची शक्यता, आणि खरा धोका म्हणजे पायऱ्या, कारण पोर क्षणात खोलीच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला पोचतंय. कॅनडात तर २००४ पासनं असले वॉकर विकायलाच बंदी आहे, जुना वापरलेला पण विकता येत नाही. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला दार नाही. वॉकर दोन दिवस वापरला, मग नवऱ्यानं त्याची चाकं काढली आणि सासऱ्यांनी फ्रेमला कारल्याचा वेल चढवला. चेष्टा करत नाय, कारली आलीत.

आणि चालायला उशीर लागला म्हणून वॉकर घ्यायला पळणाऱ्यांना, जागतिक आरोग्य संघटनेनं जी पोरं बघून हिशोब मांडलाय त्यात एकटं चालणं साधारण आठ महिन्यांपासनं साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीपण येतंय. शेजारच्यांचं दहाव्या महिन्यात पळालं म्हणून आपल्याला काय झालंय?

दुसरं गिफ्ट म्हणजे शेजारच्या आज्जींनी दिलेले स्टीलचे डबे. एकात एक बसणारे पाच, झाकणासकट, साध्या कॅरीबॅगेत, गिफ्ट पेपर पण नाही. प्रत्येकावर भांड्याच्या दुकानात मशीननं नाव घालून आणलेलं, "चि. बाळास, प्रथम वाढदिवसानिमित्त", आणि खाली आज्जींचं नाव. आपल्याकडं भांड्यावर नाव टाकायची पद्धत आहेच, पण डब्याच्या बुडावर स्वतःचं चि. वाचायला ते पोरगं कधीतरी मोठं होईल ह्याचा विचार त्यांनी केला, मला लई आवडलं.

हे डबे चालतात का, तर रोज, दिवसाला तासभर तरी. कारण ह्या वयात पोरांचं एकच काम चालू असतंय, आत टाकायचं, बाहेर काढायचं, झाकायचं, उघडायचं, फेकायचं आणि आपण उचलून देतोय का बघायचं. झाकली तरी वस्तू आत आहेच हे त्यांना नुकतंच कळलेलं असतंय, मग ते दिवसभर तपासत बसतात. आमचं बारकं मोठ्या डब्यात बटाटा टाकायचं, झाकण लावायचं, माझ्याकडं बघायचं, झाकण काढायचं आणि बटाटा बघून दरवेळी तेवढंच आश्चर्य. चाळीस वेळा. चाळीसाव्या वेळी मला पण वाटायला लागलं की बटाटा नसेल की काय. घेताना एवढंच बघा, काठ आत वळवलेला पाहिजे, हलक्या डब्यांचे काठ बोट कापतात. आणि आवाज होतोय, खालच्या मजल्यावरच्यांशी संबंध चांगले असतील तरच द्या.

रिंगा. खांबावर चढवायच्या रंगीत रिंगा तीन सेट आले. ह्यात आईबापांची एक चूक होते, मी पण केली, आणल्या आणल्या "मोठी खाली, लहान वर" शिकवायला बसले. एक वर्षाच्याला ते जमत नाही आणि जमायची गरजपण नाही. ते पहिल्यांदा नुसत्या काढतंय, मग हातात बांगड्यांसारख्या घालतंय, चावतंय, फरशीवर गरागरा फिरवतंय. मापानं लावायला दोन वर्षांच्या पुढं. फिशर-प्राइस ह्या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीनं असला खेळ १९६० साली काढला तो अजून चालू आहे, फनस्कूलचा पण चांगला मिळतोय, फक्त मधला खांब बघून घ्या, सरळ टोकदार कडक खांब असेल आणि पोर त्यावर तोंडघशी पडलं तर डोळा. खांब मऊ किंवा सुटा निघणारा घ्या. तिसरा सेट लाकडी होता, चन्नपट्टणचा, माझ्या बेंगळुरूच्या मैत्रिणीनं पाठवलेला. ते गाव बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर आहे, तिथं लाकूड यंत्रावर फिरवत ठेवून त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घासल्याच्या उष्णतेनंच लाख वितळून लाकडावर बसती, वेगळा ऑइलपेंट नाही. म्हणून तोंडात घातलं तरी मला धास्ती वाटत नाही. सहा महिने चावून पण रंग आहे तसा आहे, फक्त हिरव्या रिंगेवर दातांचे ठसे.

लाकडी म्हणलं की सगळं चालतंय असं मात्र नाही. एका मावशींनी सावंतवाडीची लाकडी फळं आणली, टोपलीसकट, इतकी हुबेहूब की सासूबाईंनी लिंबू उचलून बघितलं. पण त्यातली मिरची, लिंबू, द्राक्षं बारकी. ती मी तीन वर्षांनी भातुकलीबरोबर काढणार, तोवर शोकेसमध्ये. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, आणलेले मातीचे बैल पण तसेच, ह्या बेंदराला बारक्यानं एकाचं शिंग चावून तोडलं आणि मी तोंडात बोट घालून ते काढलं, तेव्हापासनं बैलजोडी पण शोकेसमध्ये.

हे बारकं-मोठं ठरवायचं कसं, तर त्याचं एक माप आहे. तीन वर्षांखालच्या खेळण्याचा तुकडा ज्या नळकांड्यात टाकून तपासतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. दहाचं नाणं २७ मिलिमीटर, म्हणजे नाण्यापेक्षा जरासं रुंद. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. खोक्यावर लाल गोलात रडकं तोंड आणि शून्य ते तीन असं काट मारलेलं दिसतंय ना, ते ह्याच्यासाठी. "आमचं पोरगं हुशार आहे, तीन प्लस चालतंय त्याला" असं म्हणणारे मी स्वतः बघितलेत. अहो, हुशारीचा प्रश्न नाही, घशाचा आहे.

आता दुकानाचा किस्सा, नाव घेत नाही. एक पाहुण्यांनी दिलेली गाणारी गाडी, बटण दाबलं की लाइट आणि भसाडी गाणी. चौथ्या दिवशी सोफ्याखाली पडली आणि खालचं झाकण टचकन उघडून तीन चपट्या गोल बॅटऱ्या फरशीवर. माझ्या पोटात गोळा आला, कारण ती बटणासारखी बॅटरी गिळली तर दोन तासात अन्ननलिका आतनं भाजू शकती हे मी वाचलेलं होतं. मोजल्या, तीन होत्या, तीनच सापडल्या. बघितलं तर झाकणाला स्क्रूच नाही, नुसती प्लॅस्टिकची कडी. खोक्यावर दुकानाचा स्टिकर होता म्हणून घेऊन गेले.

"दादा, ह्याच्यावर आयएसआय कुठाय?"

"ताई, खेळण्याला कुठं आयएसआय असतंय, ते प्रेशर कुकरला."

असतंय दादा. १ जानेवारी २०२१ पासनं भारतात चौदा वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, देशी असो नायतर बाहेरची. (हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत कारागिरांना त्यातनं सूट आहे, म्हणून चन्नपट्टणच्या रिंगांवर तो दिसला नाही तर घाबरू नका.) मार्कच्या वर आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर, तो बीआयएस केअर ह्या सरकारी ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा आहे ते दिसतंय. मी तिथंच काउंटरवर उभं राहून शेजारच्या एका चांगल्या खेळण्याचा टाकून दाखवला. दादा बघत राहिले. मग म्हणाले, बिल आणा, बदलून देतो. आता गिफ्टचं बिल मी पाहुण्यांकडं मागायचं? "तुमची गाडी फालतू निघाली, बिल द्या"? तशीच परत आले. बॅटऱ्या काढून टाकल्या, आता ती नुसती गाडी आहे, आणि गंमत म्हणजे मुकी झाल्यावर बारकं तिच्याशी जास्त खेळतंय, तोंडानं ढुर्रर्र करत.

आवाजाचं निघालंच आहे तर, बॅटरीवर बोंबलणारी एकूण अकरा खेळणी आली. आपण कानाजवळ धरून बघा एकदा, पोर कानाजवळच धरतंय. ज्यांच्या झाकणाला स्क्रू आहे ती ठेवलीत, स्पीकरच्या भोकांवर पॅकिंगची टेप दोन घड्या चिकटवली, आवाज निम्मा. आणि एक "एज्युकेशनल टॅब" आला, एबीसीडीवाला. आरोग्य संघटना म्हणते दोन वर्षांखाली स्क्रीनच नको. टॅब पॅक आहे, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, पण तुमचं पोर दोनच्या वर असेल तरच.

चांदी. कोल्हापूर म्हणल्यावर चांदी येणारच, चांदीच्या दागिन्यांचं हुपरी गाव हाकेच्या अंतरावर आणि गुजरी, म्हणजे सराफ बाजार, घरापासनं चालत. दोन वाळे, एक साखळ्यांची जोडी, एक वाटी-चमचा, एक खुळखुळा. वाटी-चमचा एक नंबर, बारकं त्यातनंच भात खातंय, आपटून वाटीला पोचे आलेत पण चांदी ती चांदीच. घुंगरांच्या साखळ्या दिसायला गोड, पण महिन्यात एक घुंगरू तुटून चादरीवर सापडलं, तेव्हापासनं कपाटात. लहानाला द्यायचं तर साधे बिनघुंगराचे वाळे द्या, उघडून मोठे करता येतील असे. काळ्या मण्यांच्या मनगट्यांचं पण तेच, दोरा कुजतो आणि मणी सुटतो.

कपडे नऊ आले, सगळे "१२ महिने" लिहिलेले, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी बसणारे आणि फेब्रुवारीत तोकडे झालेले. दीड-दोन वर्षांच्या मापाचे घ्या. बास, कपड्यांवर एवढंच.

पुस्तक एकच आलं, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, प्राण्यांचं, माझ्या वर्गमैत्रिणीकडनं, शाळेत शिक्षिका आहे ती. हॉलमध्ये सगळ्यात बारकं पाकीट तिचंच असेल. म्हैस बघितली की बारकं "आंऽऽ" करतंय आणि वाघ बघितला की पण "आंऽऽ", आमच्याकडं सगळ्या प्राण्यांचा आवाज म्हशीचा. कोपरे कुरतडलेत, एक पान निघालंय, डिंकानं चिकटवलंय. आणि चेंडू, डझनावारी मिळणाऱ्यातला नाही, जरा मोठा, मऊ रबराचा, दोन्ही हातात धरावा लागेल असा. त्याच्यावर काय लिहायचं, चेंडू आहे.

गिफ्टात मोडत नाही पण फुग्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही पण स्टेजला फुग्यांची कमान केली होती, कार्यक्रम संपला की पोरांनी टाचणी घेऊन फटाफट फोडली, आणि त्या फाटक्या रबराच्या चिंध्या दुसऱ्या दिवशी बारक्याच्या फ्रॉकच्या, म्हणजे झबल्याच्या खिशात सापडल्या. फुग्याच्या पाकिटावर बारीक अक्षरात असतंय बघा, आठ वर्षांखालच्यांना न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा धोक्याचा. तो चिंधीचा तुकडा श्वासनलिकेवर पडद्यासारखा बसतो, पाठीत थापट्या मारून पण सहज हलत नाही. हॉलवाल्यांना आधीच सांगा, फुगे न फोडता उतरवून न्यायचे.

तर आता पुढच्या रविवारी चुलत नणंदेच्या पोरीचा पहिला वाढदिवस आहे, जयसिंगपूरला. नवरा म्हणतोय काहीतरी मोठं घेऊ, आपल्या वाढदिवसाला त्यांनी मिक्सरएवढं खोकं आणलेलं (त्यात घसरगुंडीचे सुटे भाग होते, अजून जोडली नाही). मी त्याच सुताराकडं जाऊन आले. पांगुळगाडा आता अकराशे झालाय, लाकूड वाढलं म्हणाला, शनिवारी देतो. म्हणलं, ह्यावेळी दांडी दोन बोटं खाली घ्या, पोरगी लहानखुरी आहे. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "टाइल्स हायेत का घरात?" हायेत म्हणलं. तर मागनं सायकलची ट्यूब काढून दाखवली, आबांनीच त्यांना सांगून ठेवलेलं. आता वीस रुपये जादा घेऊन चकत्या चढवूनच देतात.